व्हर्नियर हातात दिल्यावर

मंगळवारी सकाळी आमच्या कंपनीच्या गेटबाहेर पोरं उभी असतात. मुलाखत दहाची, पण ती साडेआठलाच हजर. बहुतेक जण रात्रीच्या एसटीनं आलेले असतात. कोणी जतहून, कोणी आटपाडीहून, कोणी औशाहून, कोणी परांड्याहून. पुण्यात स्वारगेटला नाहीतर वाकडेवाडीला उतरायचं, स्टँडवरच तोंड धुवून बॅगेतला शर्ट चढवायचा आणि पीएमपीच्या बसनं भोसरी गाठायची. त्या शर्टाच्या घडीच्या रेषा छातीवर तशाच उमटलेल्या दिसतात. मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, त्यात दहावीची मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट, टीसी, आधार. सगळं ओरिजनल, म्हणून फोल्डर दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

मी टूलरूम बघतो, म्हणजे जिथे हत्यारं आणि साचे बनतात तो विभाग. गेली चौदा वर्षं फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांच्या मुलाखती माझ्याकडे आहेत. कागदपत्रं आणि पगाराचं बोलणं एचआरच्या मॅडम बघतात. माणसाला काम येतं का, एवढं मी बघायचं. माझी खोली टूलरूमला लागूनच आहे. टेबलावर बारीक मापं घ्यायचे एक व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर, टर्न केलेला एक जॉब, म्हणजे लेथवर कातलेला धातूचा तुकडा, आणि एक ड्रॉइंग, बाकी काही नसतं.

मागच्या पावसाळ्यात जतकडचा एक मुलगा आला. फिटर ट्रेड, दोन वर्षांचा कोर्स नुकताच संपलेला. बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि व्हर्नियर पुढे सरकवून म्हटलं, ह्या जॉबचा डायमीटर सांग. त्यानं व्हर्नियर लगेच जॉबला लावला नाही. खिशातून रुमाल काढला, दोन्ही जॉ, म्हणजे माप पकडणारे जबडे, पुसले. जॉब पुसला. मग जॉ मिटवून व्हर्नियर ट्यूबलाइटकडे धरला आणि फटीतून उजेड येतो का ते बघितलं. मग स्केल डोळ्यांजवळ नेली आणि थांबला. मला वाटलं, अडला. तेवढ्यात म्हणाला, "साहेब, ह्याला झिरो एरर हाय. एक लाइन पुढं हाय." मग जॉबला लावून वाचलं. "चोवीस पॉइंट शहाण्णव येतंय. एरर वजा केली की चोवीस पॉइंट चौऱ्याण्णव."

तो व्हर्नियर मी मुद्दाम तसाच ठेवलाय. ५० भागांचा आहे, लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी. जॉ पूर्ण मिटले तरी शून्य शून्याला जुळत नाही. बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही, कारण साहेब बघतोय म्हणून हात घाई करतो. पटकन उत्तर दिलं की हुशार दिसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ह्या मुलाला घाई नव्हती. हत्यार हातात आलं की आधी पुसायचं, तपासायचं, मगच वापरायचं. ही सवय मुलाखतीच्या आदल्या रात्री लागत नाही. दोन वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी ती लावलेली असते, किंवा पोरानं स्वतः लावून घेतलेली असते. त्या न पाहिलेल्या इन्स्ट्रक्टरला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मुलाखत म्हटली की मला माझी पहिली आठवते. १९९३ साल. मीही फिटर. गावाकडून आलो होतो, चुलत्यांच्या खोलीवर चिंचवडला उतरलो होतो. त्या कंपनीत ग्राइंडरवर माणूस हवा होता. मी आयटीआयमध्ये सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या दगडी चाकानं पृष्ठभाग घासायचं मशिन, लांबून पाहिलेला, हात कधी लावला नव्हता. पण चुलते म्हणाले होते, विचारलं की हो म्हण, पुढचं पुढं बघू. समोर एक म्हातारे फोरमन होते, जाड भिंगाचा चष्मा, हाताची नखं कायमची काळी झालेली. त्यांनी विचारलं, ग्राइंडर चालवलाय का? मी म्हटलं, हो. नवीन व्हील, म्हणजे ते दगडी चाक, लावण्याआधी काय करतोस? मी म्हटलं, पुसून घेतो. आणखी? आणखी काही मला सुचेना.

ते रागावले नाहीत. उठले आणि मला आत शॉपवर घेऊन गेले. रॅकवरून एक व्हील काढलं, मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टकटक केलं. टण्ण असा आवाज निघाला आणि थोडा वेळ घुमत राहिला. मग कोपऱ्यातलं दुसरं व्हील घेतलं. दिसायला तसंच. त्यावर टकटक केल्यावर ठप्प, मडक्यासारखा बसका आवाज. "ह्याला आतून तडा आहे," ते म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही. हे तू पुसून लावलंस आणि बटण दाबलंस, की मिनिटाला अठ्ठावीसशे फेऱ्यांनी फिरायला लागेल. मग फुटेल. समोर तू असशील."

त्यांनी मला हेल्पर म्हणून घेतलं. सहा महिने मी फक्त व्हील लावताना त्यांच्या शेजारी उभा राहिलो, मग ग्राइंडरवर हात बसला. आजही नवीन व्हील आलं की मी आवाज ऐकल्याशिवाय ते कुणाला बसवू देत नाही.

एवढं शिकूनही पुढे माझ्याकडून जे व्हायचं ते झालंच. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

२००६ मध्ये मी दुसऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. प्रेस शॉप. ऑर्डर वाढली होती, माणसं हवी होती, एका दिवसात वीस-बावीस मुलाखती उरकायच्या होत्या. एकेकाला पाच मिनिटं. एक मुलगा आला, एकवीस-बावीसचा असेल. पॉवर प्रेस चालवलीय का? हो साहेब, चालवलीय. कुठे? त्यानं एका वर्कशॉपचं नाव सांगितलं. मी कागदावर 'प्रेस ऑपरेटर' लिहून सही केली आणि पुढच्याला बोलावलं. खरं म्हणजे तो त्या वर्कशॉपमध्ये पत्रे उचलून द्यायचं काम करत होता. ऑपरेटरला हेल्परपेक्षा पगार जास्त, आणि घरी पैसे पाठवायचे होते, म्हणून हो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे पत्र्यावरचा दाब, पडू नये, म्हणजे त्या वेळी हात डायमध्ये, साच्यात, असूच शकत नाहीत, अशी ती रचना. आमच्याकडे प्रॉडक्शन वाढावं म्हणून ती बटणं बायपास करून पायाच्या पॅडलवर मशिन चालवत होते. जुने ऑपरेटर तेवढं सांभाळून घ्यायचे. हा नवा होता. पत्रा वाकडा बसला म्हणून सरळ करायला हात आत घातला आणि पाय पॅडलवरच राहिला. कंपनीनं बायपास केलेली बटणं, त्याचं ते हो, आणि माझी ती पाच मिनिटं. ह्यातलं कुणाचं किती, ते मी पुष्कळ वेळा मोजायचा प्रयत्न केला. माझ्या वाट्याचं मला ठाऊक आहे. मी एकच प्रश्न जास्त विचारला असता, "स्ट्रोक वरच थांबवायचा तर काय करतोस?", तर त्याला उत्तर देता आलं नसतं आणि तो हेल्पर म्हणून लागला असता. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा तोच मला म्हणाला, "साहेब, चुकलं माझं." त्या वाक्याला मी काय उत्तर द्यायचं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तेव्हापासून मी 'हो' ऐकून घेत नाही. मशिनजवळ नेतो. मशिन बंद असते, पण तिच्यापाशी माणूस कसा उभा राहतो, आधी काय बघतो, हात कुठे ठेवतो, हे दहा मिनिटांत कळतं. आणि खोलीत बसल्या बसल्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकतो की जे येत नाही ते 'येत नाही' म्हण, त्यासाठी मी तुला नापास करणार नाही. पोरं विश्वास ठेवत नाहीत. त्यांना वाटतं ही युक्ती आहे. आयुष्यभर 'येत नाही' म्हटल्यावर छडी बसलेली असते, त्यामुळे त्यांचा दोष नाही. अशा वेळी मी एखादा असा प्रश्न विचारतो जो त्यांना येणारच नाही, आणि 'येत नाही' आलं की म्हणतो, बरं, मग हे ऐक. आणि समजावून सांगतो. एकदा असं झालं की खांदे खाली येतात आणि पुढची मुलाखत माणसासारखी होते.

आता तयारीबद्दल. मला अनेक जण फोन करतात, साहेब पोराला पाठवतोय, काय तयारी करू सांगा. ते अभ्यासाचं पुस्तक विचारत असतात. मी म्हणतो, बायोडाटावर जे लिहिलंय त्या प्रत्येक ओळीवर त्याला पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. 'टर्निंग येते' लिहिलंय ना? मग कापणारं टूल जॉबच्या सेंटरच्या वर बसलं तर काय होतं ते सांगता यावं. एम-टेनचा टॅप मारायचा, म्हणजे दहा मिमीच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे, तर आधी ड्रिल किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी साडेआठ असं उत्तर यावं, आणि साडेआठच का तेही: दहातून दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा. ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये आहे की थर्ड, म्हणजे वस्तूचे व्ह्यू कुठल्या पद्धतीनं मांडलेत, ते टायटल ब्लॉकमधल्या, कागदावरच्या माहितीच्या चौकटीतल्या, चिन्हावरून ओळखता यावं. २५ एच-सेव्हन लिहिलं असेल तर ते भोक पंचवीसच्या खाली जाऊन चालणार नाही आणि वर फक्त एकवीस मायक्रॉनची मोकळीक आहे, हे कळावं. आयटीआयमध्ये केलेले जॉब घरी असतील तर पिशवीत घालून आणावेत. गेल्या वर्षी एकानं कानसीनं केलेला मेल-फिमेल जॉब आणला होता. दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून मी उजेडाकडे धरले, तर फट जेमतेम दिसत होती. त्याच्या मार्कशीटवर काय लिहिलं होतं ते मी नंतर पाहिलंसुद्धा नाही.

बाकीची तयारी साधी असते. शक्य असेल तर आदल्या दिवशी येऊन नातेवाइकाकडे नाहीतर मित्राच्या रूमवर झोपावं. रात्रभर एसटीत बसलेल्या माणसाला मायक्रोमीटर वाचता येत नाही, मलाही येणार नाही. सकाळी पोटात काहीतरी असावं. एकदा एक मुलगा उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला, आदल्या दुपारपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. चपला नकोत, बूट असावेत, कारण शॉपवर न्यावं लागतं. मोबाइल बंद. आणि गेटवर कोणी 'नोकरी लावून देतो, एवढे द्या' म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नये. खरी कंपनी मुलाखतीचे पैसे घेत नाही. औशाकडच्या एका मुलानं बैल विकून पैसे दिले होते, आणि ज्याला दिले तो माणूस आमच्या कंपनीचा नव्हताच.

इंग्रजीचं एक सांगायला हवं. पोरं आत आली की बसायच्या आधी सुरू करतात: 'माय सेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम...' एका दमात, वरच्या पट्टीत, भिंतीकडे बघत. मध्ये थांबवलं तर पहिल्यापासून परत सुरू होतं. कुठल्यातरी क्लासनं पैसे घेऊन हे पाठ करून घेतलेलं असतं. आणि 'तुझा दोष काय' असं विचारलं की सगळ्यांचा एकच दोष असतो: मी फार मेहनत करतो. मला ह्याचा राग येतो, पण पोरांचा नाही, क्लासवाल्यांचा. गरिबाच्या लेकराकडून पैसे घ्यायचे आणि त्याला दुसऱ्याची वाक्यं द्यायची! मी सरळ सांगतो, बाळा, मराठीत बोल, तुझ्या गावच्या मराठीत बोल. ड्रॉइंगवरचं इंग्रजी तुला वाचता आलं पाहिजे, ते मी विचारणार आहे. बाकी तुझी भाषा मला समजते.

आमच्या बाजूच्या माणसांनी कसं वागायचं, ह्यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. 'आडनाव काय? गाव कुठलं? वडील काय करतात?' हे प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आलो. ओळख म्हणून, बोलतं करण्यासाठी, असं माझं मलाच वाटायचं. माझी मुलगी लॉ शिकते. तिनं एकदा जेवताना १९८० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, अजय हसिया खटल्याचा. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण होतं. लेखी परीक्षा १०० मार्कांची आणि मुलाखत ५० मार्कांची. मुलांचं म्हणणं असं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपली आणि विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे. कोर्टानं सांगितलं की एकूण मार्कांच्या एक तृतीयांश मार्क मुलाखतीला देणं मनमानी आहे, १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. मुलाखत टेप करून ठेवावी, असंही सुचवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण हेच विचारता ना?" मी ताटातला भात चिवडत बसलो. आपल्याकडे आडनाव विचारलं की त्यात जात येते, हे मला काय कुणी समजावून सांगायला हवं होतं? समोरच्या पोराला तर ते बरोबर कळतं. त्याचा चेहरा आडनाव सांगताना क्षणभर बंद होतो, हे मी कितीदा पाहिलं होतं.

पुढच्या मंगळवारपासून ते प्रश्न बंद केले. नाव कागदावर असतंच. बोलतं करायचं असेल तर विचारतो, आयटीआयमध्ये सगळ्यात आवडता जॉब कोणता केलास? ह्या प्रश्नाला प्रत्येकाचा चेहरा उघडतो. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, कौशल्य चाचणी तेवढी गरजेप्रमाणे ठेवली. मला ते बरोबर वाटतं. कामगाराच्या जागेला चाचणी पुरे आहे, फक्त ती नीट घ्यायला हवी.

मुली येतात आता. थोड्या येतात, पण येतात. मशिनिस्ट, टर्नर, फिटरसुद्धा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या पॅनेलवर एक जण होते, ते प्रत्येकीला विचारायचे, लग्न कधी करणार? झाल्यावर सोडून जाणार का? मुलाला हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही. सारख्या कामासाठी भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे समान वेतनाच्या कायद्यात १९७६ पासून लिहिलेलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन बोललो, थोडी वादावादी झाली, शेवटी मॅडमनी ते प्रश्न पॅनेलच्या कागदावरूनच काढून टाकले. त्यानंतर आलेल्या एका मुलीनं मलाच विचारलं, "सर, सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडी कुठपर्यंत सोडते? आणि लेडीज टॉयलेट शॉपवर आहे की ऑफिसमध्ये?" किती मुद्द्याचं बोलली! टॉयलेट ऑफिसमध्ये होतं, शॉपपासून चार मिनिटं लांब. तिला घेतलं, आणि तीन महिन्यांत शॉपवर टॉयलेट बांधून घेतलं. 'तुला काही विचारायचंय का?' ह्यावर पोरं 'नाही सर' म्हणून उठतात. विचारावं. पाळ्या कशा, कॉन्ट्रॅक्टवर की कंपनीच्या रोलवर, पीएफ कापतात का, हातात किती येतात. हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. जिथे हे विचारलेलं खपत नाही तिथलं पुढचं वागणं कसं असेल ते त्यावरूनच समजावं.

आणि ते 'कळवतो'. आमच्या धंद्यात 'कळवतो' म्हणजे 'नाही'. सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्या पोराला माहीत नसतं. तो गावी जातो आणि फोन चार्जिंगला लावतानासुद्धा चालू ठेवतो. मी स्वतः एकदा दोन महिने असा फोनची वाट बघत बसलोय, तेव्हा तर शेजाऱ्यांकडचा फोन होता. आम्ही पोरांना सांगतो खरं बोला, आणि आमचा शेवटचा शब्द हा. म्हणून आता चार वाजता मी स्वतः बाकापाशी जातो. ज्यांना घेतलं त्यांना मॅडमकडे पाठवतो, आणि उरलेल्यांना एकेकाला बाजूला घेऊन सांगतो, ह्या वेळी नाही, आणि का नाही. सोपं नसतं. कुणाचे डोळे भरतात, एक जण वाद घालत बसला. पण तो पाच-दहा मिनिटांचा त्रास माझा आहे, दोन महिन्यांचा त्याचा नाही.

गेल्या जूनमध्ये परांड्याकडचा एक मुलगा होता. हात चांगला, व्हर्नियर बरा वाचला, पण ड्रॉइंग समोर ठेवल्यावर काहीच लागेना. समोरचा व्ह्यू कुठला, वरचा कुठला, सगळा गोंधळ. मी त्याला गेटजवळ झाडाखाली नेऊन सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग फोल्डरमधून बायोडाटाची एक झेरॉक्स काढली, माझ्याकडे पेन मागितलं आणि कागदाच्या मागे लिहायला लागला.

"काय म्हणाला होता साहेब, फर्स्ट अँगल... अन् ते चिन्ह कसं असतं?"

मी चिन्ह काढून दाखवलं. त्यानं खाली एम-टेन, साडेआठ लिहिलं. झिरो एरर लिहिलं.

"परत कवा येऊ?"

"सहा महिन्यांनी ये. डिसेंबरात."

"ते बी लिहितो."

मी आत जाऊन टेबलावरच्या ड्रॉइंगची एक जादा प्रिंट आणली, साध्या ब्रॅकेटची, कुठल्याही गिऱ्हाइकाची नसलेली, आणि त्याला दिली. फोल्डरमध्ये मावत नव्हती. घडी घातली तर नेमकी मापांवर रेघ आली असती, म्हणून त्यानं तिची सुरळी केली, बोटातला रबरबँड काढून तिला लावला आणि ती काखेत धरून साडेचारच्या बससाठी पळत सुटला.